दम्याचा सांगावा ओळखा, नुसती नळी सैल करून भागणार नाही

शेतकरी बंधूंनो, फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या शिरवळ भागात शाळूची काढणी उरकत येते. पाठोपाठ हरभरा, गहू येतो आणि खळ्याखळ्यावर मळणी यंत्रे घरघरू लागतात. अशाच एका मळणीला मी गेलो होतो. गाव नीरा नदीच्या काठचे. यंत्राच्या तोंडाशी कणसे सरकवणारे पन्नाशीचे एक शेतकरी, त्यांना आपण तात्या म्हणू, मध्येच बाजूला झाले. वाकून गुडघ्यावर हात टेकले. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून निळा पंप काढला, दोनदा तोंडात मारला आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा यंत्राकडे निघाले.

"तात्या, जरा सावलीला बसा की. रोज लागतो का हा पंप?"

"रोज कशाला, साहेब? सुगीत तेवढा दिसातनं चार-पाच वेळा. मारला की छाती मोकळी. गुण लगेच येतो बघा."

"आणि डॉक्टरांनी रोज घ्यायला काही दिलं नव्हतं?"

"दिलता एक दुसरा पंप. त्यानं काय फरकच पडंना. शिवाय त्याची सवय लागती म्हणत्यात. टाकला पत्र्यावर."

मी मान डोलावली. खरे सांगायचे तर तोवर मलाही तसेच वाटत होते. त्याच रात्री दोन वाजता तात्यांना जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यावे लागले. निळा पंप संपेपर्यंत मारून झाला होता, तरी दम बसत नव्हता. ऑक्सिजन लावला, औषधे दिली, माणूस वाचला. पण मला प्रश्न पडला. दुपारी ज्या पंपाने पाच मिनिटांत गुण दिला, त्याच पंपाने रात्री हात का टेकले?

त्या दिवसापासून या विषयावर डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले, मिळेल ते वाचले. मी शेतीचा माणूस आहे, औषध सांगणे हे माझे काम नाही. पण दमा आत कसा चालतो हे कळले तर कोणता पंप कशासाठी हे आपोआप कळते. म्हणून हा लेखप्रपंच.

नळीभोवतीचा स्नायू

आपल्या छातीतली हवेची व्यवस्था ठिबक संचासारखी समजा. घशाखालची मोठी श्वासनलिका म्हणजे मुख्य लाइन. तिला दोन फाटे, मग त्यांना फाटे, असे वीसेक वेळा फाटे फुटत फुटत अगदी बारीक नळ्या होतात. फरक एवढाच की ठिबकची नळी प्लॅस्टिकची असते आणि श्वासाची नळी जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायूचे वेढे असतात. हा स्नायू दंडाच्या स्नायूसारखा आपल्या हुकमाने चालत नाही. आतड्याच्या स्नायूप्रमाणे तो आपोआप काम करतो. निरोगी माणसात तो गप्प असतो, त्याचा पत्ताही लागत नाही.

दम्यात हाच स्नायू आवळतो. त्यातच नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि चिकट बेडका साचतो. म्हणजे नळी तिन्ही बाजूंनी अरुंद होते. पाइपलाइन टाकणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. प्रवाह संथ असेल आणि दाब तेवढाच ठेवला, तर नळीचा व्यास निम्मा केल्यावर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. नळी थोडी आवळली तरी माणूस एवढा कासावीस का होतो, ते यावरून ध्यानात यावे.

सांगावा कोण धाडतो?

स्नायू आपल्या मनाने आवळत नाही. त्याला सांगावा येतो. तो कुठून येतो ते पाहू.

शाळूची कूस, गव्हाचा भुसा, बुरशी धरलेला कडबा, साठवणीच्या धान्यातले डोळ्यांना न दिसणारे कीटक, काही जणांना गाजर गवताचे परागकण, यांचे बारीक कण श्वासावाटे आत जातात. बहुतेकांना खोकला येतो आणि विषय संपतो. पण ज्याच्या शरीराने अशा एखाद्या कणाला शत्रू ठरवलेले असते, त्याच्या नळीच्या अस्तरात आधीच पहारेकरी पेशी सज्ज असतात. त्यांना मास्ट पेशी म्हणतात. ओळखीचा कण दिसला की त्या फुटल्यासारख्या होतात आणि आपल्याजवळची रसायने बाहेर टाकतात. त्यातले एक हिस्टामिन. दुसरे ल्यूकोट्रायीन, ते हिस्टामिनपेक्षा कितीतरी पटींनी जोरदार. ही रसायने स्नायूला "आवळ" असा तातडीचा निरोप देतात. हा झाला पहिला सांगावा, मिनिटांत पोचणारा.

दुसरा सांगावा सावकाश जातो, पण तोच जास्त नुकसान करतो. नळीचे अस्तर आणि पहारेकरी पेशी मिळून रक्तातून आणखी पेशी बोलावून घेतात. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी मुख्य. हे बोलावणे धाडणारी रसायने इंटरल्यूकिन या नावाने ओळखली जातात. त्यांना क्रमांक दिलेले आहेत. दम्यात ४, ५ आणि १३ या क्रमांकांचे काम मोठे असते. या पेशी गोळा होऊन नळीत सूज धरायला चार ते आठ तास लागतात.

दुपारी मळणी आणि रात्री दम, याचे उत्तर इथे आहे. दुपारी तात्यांचा नुसता स्नायू आवळला होता, तो पंपाने सैल झाला. गुण आला म्हणून ते पुन्हा धुरळ्यात जाऊन उभे राहिले. रात्री मात्र नळीला सूज होती, बेडका होता. निळा पंप स्नायू सैल करतो. सूज उतरवणे त्याचे काम नाही.

स्नायूच बदलतो

आता यापुढचा भाग नीट वाचावा. कारण दरवर्षी सुगीत हेच होत राहिले तर स्नायू पहिल्यासारखा राहत नाही.

एक म्हणजे तो तापट होतो. स्नायू आवळण्यासाठी त्याच्या पेशीत कॅल्शियमचा खेळ चालतो. १३ क्रमांकाच्या इंटरल्यूकिनसारखी सुजेची रसायने हा खेळ असा बदलतात की थोड्याशा निरोपालाही स्नायू जोरात आवळतो. मग कूस लागत नाही. चुलीचा धूर, थंड वारा, उदबत्ती, जोराचे हसणे, एवढ्यानेही छाती भरते. सैल होण्याच्या औषधाला तो जी दाद देतो, तीही सूज वाढली की कमी पडू लागते.

दुसरे म्हणजे तो जाड होतो. अमेरिकेत ह्यूबर आणि कोएस्लर यांनी दम्याने दगावलेल्यांच्या फुप्फुसांची तपासणी करून नळ्यांतला स्नायू वाढलेला असल्याचे १९२२ सालीच नोंदवले होते. सूज टिकून राहिली की वाढीचे निरोप देणारी रसायनेही सुटत राहतात. त्याने स्नायूच्या पेशी मोठ्या होतात, संख्येनेही वाढतात. जाड दोरीचा फास बारीक दोरीपेक्षा घट्ट बसतो, तसाच हा प्रकार आहे.

तिसरे म्हणजे पहारेकरी थेट स्नायूतच मुक्काम ठोकतात. इंग्लंडमधील लेस्टर येथील संशोधकांनी २००२ साली हे दाखवून दिले. त्यांनी दम्याच्या रोग्यांची तुलना नळीला सूज असून नुसता खोकला असणाऱ्यांशी केली. दम्याच्या रोग्यांत मास्ट पेशी स्नायूच्या आत घुसलेल्या आढळल्या, खोकल्याच्या रोग्यांत तशा आढळल्या नाहीत. सांगावा धाडणारा आणि सांगावा ऐकणारा एकाच घरात राहू लागले तर निरोप पोचायला उशीर तो कसला?

चौथी गोष्ट मला स्वतःला नवीन होती. हा स्नायू नुसता हुकमाचा ताबेदार नाही. सुजेच्या संगतीत राहून तो स्वतःच रसायने सोडू लागतो आणि इओसिनोफिलना बोलावू लागतो. म्हणजे सुजेने स्नायू बिघडतो आणि बिघडलेला स्नायू सूज वाढवतो. रहाटगाडगे सुरू होते. एकदा ते सुरू झाले की बाहेरचा धुरळा थांबला तरी काही काळ ते फिरत राहते. सुगी संपून महिना झाला तरी दम का जात नाही, असे पुष्कळ जण विचारतात. कारण हे आहे.

सोयाबीनच्या सालीने शिकवले

"आमच्या बापजाद्यांनी धुरळ्यातच मळण्या केल्या," असे कोणी म्हणेल. त्यांनी स्पेनमधली गोष्ट ऐकावी. बार्सिलोना हे तिथले मोठे बंदर. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात २६ वेळा असे घडले की एकाच दिवशी दम्याच्या रोग्यांनी दवाखान्यांत गर्दी केली. हवेत काय आहे ते कळेना. शेवटी तारखा जुळवून पाहिल्या तेव्हा उलगडा झाला. ज्या दिवशी बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवले जाई, त्याच दिवशी ही गर्दी होई. दाण्याच्या सालीची भुकटी कोठारातून उडून वाऱ्याने शहरावर पसरत होती. कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवल्या आणि असे दिवस थांबले.

आपल्या जिल्ह्यातही खरिपात सोयाबीन होते. सोयाबीन पेरू नका असा याचा अर्थ नाही. अर्थ असा की धुरळा अडवला तर फरक पडतो आणि तो अडवणे माणसाच्या हातात असते.

घोड्याचा दाखला

शिरवळला १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्यामुळे जनावरांची उदाहरणे आपल्या भागात लवकर पटतात. थंड देशांत तबेल्यात बांधून बुरशी धरलेले वाळले गवत खाणाऱ्या घोड्यांना माणसाच्या दम्यासारखाच रोग होतो. त्यांची बरगडी उडते, नाकपुड्या फुगतात, नळ्यांतला स्नायू जाड होतो. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा घोड्यांवर काम करून २०१२ साली निष्कर्ष मांडले. काही घोड्यांना धुळीच्या गवतापासून दूर ठेवले, काहींना श्वासावाटे सूज उतरवणारे औषध दिले. सुमारे वर्षभरात वाढलेला स्नायू अंदाजे ३० टक्क्यांनी कमी झाला. पूर्ण पहिल्यासारखा मात्र झाला नाही.

या दाखल्यातून दोन गोष्टी घ्याव्यात. सांगावा थांबवला तर स्नायू काही प्रमाणात माघारी येतो, म्हणून निराश होऊ नये. आणि पूर्ण माघारी येईल याची खात्री नाही, म्हणून उशीर करू नये.

दोन पंप, दोन कामे

निळ्या पंपात बहुधा साल्बुटामॉल असते. ते मिनिटांत स्नायू सैल करते. दुसऱ्या पंपात बुडेसोनाइडसारखे सूज उतरवणारे औषध असते. ते सांगावा धाडणाऱ्या पेशींना आवरते. त्याचा गुण लगेच दिसत नाही, काही दिवस ते आठवडे लागतात. त्यामुळे "फरक पडंना" म्हणून तो पत्र्यावर जातो. पंपाचा रंग कंपनीनुसार बदलतो, तेव्हा रंगावर जाऊ नका, औषधाचे नाव वाचा किंवा वाचून घ्या. काही पंपांत दोन्ही कामांची औषधे एकत्र असतात.

दम्याबाबत जगभर मार्गदर्शन करणाऱ्या 'जीना' या संस्थेने २०१९ साली आपला सल्ला बदलला. मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या साल्बुटामॉलवर राहू नये, सूज उतरवणारे औषध जोडीला हवेच, असे तिने सांगितले. तिचा इशाराही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. साल्बुटामॉलचे वर्षाला तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. बारा किंवा जास्त लागत असतील तर जिवाचा धोका वाढतो. एका पंपात साधारण २०० मात्रा असतात. पिकाच्या फवारण्या आपण वहीत लिहितो, तशीच वर्षाला किती पंप संपले याची नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा.

सवय लागते म्हणून पंपाला भिणारे पुष्कळ आहेत. श्वासावाटे घेतलेले औषध थेट नळीत जाते, म्हणून मात्रा अगदी थोडी लागते. साल्बुटामॉलचेच पाहा. पंपाच्या एका मात्रेत १०० मायक्रोग्रॅम असते, तर ४ मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या चाळीस पट. भ्यायचेच असेल तर वारंवार लागणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांना आणि कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्यांना भ्यावे. पुडीत काय आहे हे खाणाऱ्याला माहीत नसते. सूज उतरवणारा पंप घेतल्यावर पाण्याने गुळण्या करून थुंकावे, म्हणजे तोंडाला बुरशी धरत नाही. पंप मारणे आणि श्वास ओढणे जुळत नसेल तर 'स्पेसर' नावाची नळी मिळते, ती वापरावी.

२०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातले सुमारे १३ टक्के दम्याचे रोगी भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के मृत्यू आपल्या देशात होतात. रोगी तेरा आणि मरणारे बेचाळीस! सूज उतरवणारे औषध फार थोडे लोक नियमाने घेतात, हे या तफावतीचे एक मोठे कारण जाणकार सांगतात.

शेतात आणि घरात काय करावे?

१) मळणी यंत्र मांडताना वाऱ्याची दिशा पाहावी. भुसा बाहेर पडणारे तोंड वारा जातो त्या बाजूला असावे आणि माणसांनी वारा येतो त्या बाजूला उभे राहावे.

२) दमेकऱ्याने कणसे सरकवण्याचे आणि भुसा भरण्याचे काम दुसऱ्याला द्यावे. पोती शिवणे, हिशेब ठेवणे अशी कामे घ्यावीत. यात कमीपणा नाही. टॉवेल गुंडाळल्याने मोठी कूस अडते, बारीक धूळ अडत नाही. नाका-गालाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

३) धान्य १० ते १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच साठवावे. कडब्याची गंज जमिनीपासून उंच रचावी आणि पावसापासून झाकावी. बुरशी दमेकऱ्याला वाईट आणि जनावरालाही वाईट.

४) उसाचे पाचट पेटवू नये. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघते. ते सरीत ठेवून कुजवले तर जमिनीला सेंद्रिय खत मिळते आणि गावाच्या छातीत धूर जात नाही.

५) गाजर गवत फुलावर येण्याआधी उपटावे. उपटताना हातमोजे आणि मास्क घालावा. दमेकऱ्याने हे काम करू नये.

६) कीटकनाशकाची फवारणी दमेकऱ्याने टाळावी. सेंद्रिय फॉस्फरस गटातली औषधे स्वतःच श्वासनळी आवळू शकतात.

७) चुलीचा धूर घरात कोंडू देऊ नये. गॅस असेल तर वापरावा, नसेल तर धुराला वाट काढावी. घरात विडी-सिगारेट नको.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि सदस्यांनी सुगीपूर्वीच्या ग्रामसभेत दोन विषय घ्यावेत. सामाईक खळी आणि मळणीच्या जागा शाळा, अंगणवाडी यांपासून लांब असाव्यात. आशाताईंकडून गावातल्या दमेकऱ्यांची यादी करून त्यांची सुगीआधी तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत आणि बुडेसोनाइड हे औषध देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. आपल्या आरोग्य केंद्रात ते शिल्लक आहे का, हे विचारण्याचा ग्रामपंचायतीला हक्क आहे. खताचा साठा आपण विचारतो, तसा हाही विचारावा.

प्रत्येक धाप म्हणजे दमा नव्हे. क्षयरोग, हृदयरोग, वर्षानुवर्षांच्या धुराने झालेला फुप्फुसाचा रोग यांतही धाप लागते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासावी. दम्याच्या निदानासाठी यंत्रात जोराने फुंकायची चाचणी असते, ती करून घ्यावी. आणि एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंपाचा गुण येत नाही किंवा तीन-चार तासही टिकत नाही, असे झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, रोग्याला आडवे न करता बसवून ठेवावे आणि गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पंप देत राहावे.

तात्या आता रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घेतात. गेल्या सुगीत ते यंत्राच्या तोंडाशी नव्हते. वाऱ्याच्या बाजूला झाडाखाली बसून पोती मोजत होते. निळा पंप खिशात होताच.

"किती वेळा काढला हो, तात्या?"

"सबंध सुगीत दोनदा. आन् दुसरा पंप आता पत्र्यावर न्हाई, देव्हाऱ्याशेजारी ठिवलाय. म्हंजे इसरायचं न्हाई."

बंधूंनो, तुमच्या घरातही पत्र्यावर किंवा फळीवर टाकलेला असा पंप असेल. आज संध्याकाळी तो शोधा, त्यावरची मुदत वाचा आणि पुढची सुगी सुरू होण्याआधी डॉक्टरांना भेटा.